कोंडवाड्याचं पाणी

धाकट्याला नोकरी लागली ती हरणांमुळे. त्यात त्याची काही हुशारी नव्हती, आणि हरणांचीही नव्हती. माळावरचं गवत आधी पिवळं पडलं, मग राखाडी, मग ते गवत आहे की नुसता आपला समज आहे हे सांगता येईना. तेव्हा हरणं गावात यायला लागली. कडेकडेनं, लाजत आली. एक तर सरळ गोठ्यात शिरलं आणि गाईंच्या ओळीत गव्हाणीला तोंड लावून उभं राहिलं. गव्हाणीत काही नव्हतं. गाईंनी सरकून त्याला जागा दिली. दुष्काळात पाहुणचाराला काही लागत नाही.

पुढं दोन हरणं कोरड्या विहिरीत पडून मेली आणि वनखात्याला जाग आली. माळावर सिमेंटचा हौद बांधला गेला, टँकर सुरू झाला, आणि हौदाशेजारी पाटी लागली. पाणी फक्त वन्यप्राण्यांसाठी. माणसं आणि पाळीव जनावरं यांना मनाई. पाटीवर हरणाचं चित्र होतं. चित्रकारानं जन्मात फक्त शेळी पाहिली असावी. आता पाटी जनावरांना वाचता येत नाही म्हणून राखणदार पाहिजे होता, आणि साहेबांच्या जीपचं चाक चिखलातून, म्हणजे चिखल असायचा त्या काळी, ज्यानं काढून दिलं होतं तो धाकटा त्यांच्या लक्षात होता.

त्याला खाकी शर्ट मिळाला आणि शिट्टी मिळाली. शर्टात अजून एक धाकटा मावला असता. आधीचा राखणदार जाड असावा, किंवा खातं आशावादी असावं.

घरात बाबा, आई, धाकटा आणि त्याची बायको. थोरला शहरात होता आणि तिथून फोनवर पावसाची चौकशी करायचा, जणू पाऊस मागच्या खोलीत आजारी पडला होता. पेरलेलं वीतभर उगवून जळलं होतं. शेत म्हणजे आता चालायचा रस्ता. राहिल्या होत्या त्या गोठ्यातल्या गाई, आणि त्यांच्यात तांबडी गाभण होती. सकाळी सासू-सुना कोयता घेऊन निवडुंग तोडायला जायच्या. त्याची फडं जाळावर धरून काटे जाळायचे, मग चिरून गाईंपुढं टाकायचं. दोघींच्या भुवया जळून गेल्या होत्या. त्यामुळे दोघी कायम आश्चर्यात पडल्यासारख्या दिसत.

"पगार आला की चारा आणू," आई म्हणाली.

म्हणजे गाई जगाव्यात म्हणून धाकटा नोकरीला लागला, आणि नोकरी होती गाईंना पाण्यावरून हाकलायची. हे त्याच्या लक्षात आलं, पण शर्टाची बटणं लावून झाल्यावर.

गावातल्या नळावर माणसापुरतं पाणी यायचं, तेही हंडे रांगेत लावून, आणि रांग रात्र-दिवस हलायची नाही. गाईंना भांडी विसळलेलं पाणी. तांबडीला ते पुरेना. मग धाकट्यानं एक युक्ती काढली. टँकर गेला की तो हौदाशी वाकायचा, अंगातला शर्ट काढून पाण्यात बुडवायचा आणि तसाच ओला अंगात घालून घरी चालत यायचा. पाणी नेलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. शर्ट खात्याचा, ओलही खात्याची. गोठ्यात बायको शर्टाचं एक टोक धरायची, तो दुसरं, आणि दोघं बादलीवर पीळ द्यायचे. निघालं ते तांबडी एका दमात ओढायची, मग शर्टाचं टोक तोंडात घेऊन चोखत बसायची.

"अहो, घामाचं खारट लागत असेल ना तिला?" बायकोनं विचारलं.

"गाईंना मीठ द्यायचं असतंच," धाकटा म्हणाला.

बाबा दारात उभे होते. वळले आणि अंगणात जाऊन गाईंना पाणी पाजायच्या कोरड्या डोणीतली पानं वेचू लागले.

ही डोणी म्हणजे बाबांची शान होती एकेकाळी. विहिरीला पाणी होतं तेव्हा ते संध्याकाळी डोणी काठोकाठ भरायचे आणि तेलाचा जुना पत्र्याचा डबा काठीनं वाजवायचे. दोन ठोके संथ, एक घाईचा. गाई कुठंही असोत, यायच्या. आल्या की धक्काबुक्की नाही. म्हातारी पुढं, वासरं मधे, बाकीच्या मागं. पाण्यावर असलेल्या जनावराला हात लावायचा नाही हा घरचा नियम. विकलेल्या गाईसुद्धा डबा ऐकून नव्या मालकाचं दावं तोडून यायच्या. बाबा त्यांना पाजायचे आणि परत पोचवून यायचे, आणि नव्या मालकाला वाटायचं, म्हाताऱ्यानं विकताना काहीतरी लबाडी केली.

विहीर आटली तसा डबा गोठ्यात खुंटीवर गेला. आईनं एकदा त्यात निवडुंग भरायला घेतला तर बाबांनी काढून पुन्हा टांगला.

"वाजवत तर नाही ना मी," आई म्हणाली.

"चुकून वाजेल. पाणी नसताना वाजला म्हणजे खोटं बोलणं झालं. माणसाशी बोललेलं चालतं. तो परत बोलतो."

इकडं माळावर शिट्टीचा काही उपयोग होत नव्हता. मेंढरवाला आपल्या मेंढरांना शिट्टीवरच चारायचा, त्यामुळे धाकट्यानं शिट्टी मारली की लांबची मेंढरंसुद्धा 'काय काम आहे' अशा चेहऱ्यानं जवळ यायची. पाठोपाठ मेंढरवाला यायचा.

"बोलावलंस?"

"हाकलतोय."

"मग तसं सांग की. हे तर 'या, बसा' झालं." तो उकिडवा बसायचा. "तुझ्या पाहुण्यांचं कसं काय?"

पाहुणे दुपारी यायचे. हरणं पुढचे पाय फाकवून गुडघ्यावर टेकायची, कारण उभ्यानं वाकायचा त्यांना भरवसा नव्हता. हौदाला एक चीर होती. तिच्याखाली वीतभर ओल असायची आणि एक कोल्हा त्या ओलीवर पोट टेकून दिवसभर पडलेला असायचा. धाकटा त्याला ओलांडून जायचा. कावळे चोच उघडी टाकून बसायचे आणि ओरडायचे नाहीत. एका दुपारी एक हरणी हौदाच्या काठाशी ओठ टेकवूनच मेली. ती बाजूला ओढायचं काम राखणदाराचं. पाय धरून ओढताना त्याला वाटलं होतं जोर लागेल. पण जोर लागला नाही, रिकामं पोतं यावं तशी आली, आणि जास्त जोर लावल्यामुळे धाकटाच मागं पडला. मेंढरवाला हसला नाही. त्या दिवसांत हसायची जागा असूनही तो हसला नाही, हे धाकट्याला जास्त लागलं.

मग मोठे साहेब येणार असं ठरलं. त्यांना हौदावर वन्यप्राणी बघायचे होते.

"एक शेळी दिसता कामा नये," जीपवाले साहेब म्हणाले. "शिट्टीनं काय होतं? डबा वाजव, डबा. पळतील सगळी."

घरात डबा म्हणावा असं एकच भांडं होतं. बाकीचं झाडून सगळं नळाच्या रांगेत उभं होतं. धाकट्यानं खुंटीवरून डबा काढला. विचार केला नाही असं नाही. हौद टेकाडाच्या पलीकडं, आवाज घरापर्यंत जायचा नाही. गेला तरी आपण ठोका वेगळा ठेवू. असा सगळा विचार करूनच त्यानं चूक केली.

मोठे साहेब आले, गाडीतून उतरले, बाटलीतलं पाणी प्यायले. हौदावर हरणं होती, कोल्हा आपल्या जागी होता, सगळं खातं खूश होतं. इतक्यात मेंढरं दिसली. जीपवाल्या साहेबांनी डोळ्यांनी खूण केली आणि धाकट्यानं डबा वाजवला. मेंढरं पांगली. हरणंही पांगली. धाकट्याला हुरूप आला. त्यानं आणखी वाजवला. ठोका वेगळा ठेवायचं त्याच्या डोक्यात होतं. हात मात्र बाबांचेच होते. दोन संथ, एक घाईचा.

टेकाडावर आधी धूळ दिसली.

ज्या गाईंना सकाळी शेपटी पिळून उठवावं लागत होतं त्या पळत येत होत्या. त्यांच्या मागून, दोन वर्षांपूर्वी विकलेली काळी, गळ्यात तुटकं दावं. तिच्या मागून खुंट्यासकट एक ढवळी, जी बाबांनी विकल्याचं धाकट्याला आठवतही नव्हतं. आल्या आणि हौदाशी ओळीनं उभ्या राहिल्या. म्हातारी पुढं. कुणी कुणाला ढुशी मारली नाही. मोठ्या साहेबांनी इतकी शिस्त कचेरीत पाहिली नव्हती.

"कुणाच्या या?" त्यांनी विचारलं.

धाकट्यानं डबा पाठीमागं नेला. "माहीत नाही साहेब. बेवारस असतील."

तांबडी ओळ सोडून त्याच्याजवळ आली होती आणि त्याच्या शर्टाचं टोक चोखत होती.

"ही ओळखते वाटतं तुला."

"शर्टाला ओळखते साहेब. खात्याचा आहे."

मोठे साहेब थोडं हसले. "हाकला मग."

धाकट्यानं काठी घेतली. गाई हलेनात. पाण्यावर काठी बसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे त्यांनी पहिले दोन-तीन फटके दुसऱ्या कुणाला तरी आहेत असं समजून सोडून दिले. कोरड्या कातड्यावर काठीचा आवाज डब्यासारखाच येत होता. तेवढ्यात टेकाड उतरून बाबा आले. एक चप्पल पायात, एक हातात, छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी गाई पाहिल्या, काठी पाहिली, काठी धरलेला हात पाहिला.

"काय हो आजोबा, तुमच्या का या गाई?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

बाबा धाकट्याच्या तोंडाकडं बघत नव्हते, शर्टाच्या बटणांकडं बघत होते.

"नाही साहेब. मी आपला चाललो होतो."

"कुठं?"

बाबांच्या पुढं माळ होता, मागं माळ होता. "असाच. पाय मोकळे करायला."

ज्या जनावरांना धनी नाही त्यांची जागा कोंडवाड्यात. साहेबांनी तसं सांगितलं. गाई हौद सोडेनात तेव्हा जीपवाले साहेबच म्हणाले, "अरे, डब्याला येतात ना या? वाजवत पुढं हो." धाकटा वाजवत पुढं झाला. गाई मागं. डब्यापुढं पाणी असतंच असं समजून त्या चालत होत्या. आणि बऱ्याच मागं, वाटेनं सहज चाललेल्या माणसासारखे बाबा. धाकट्याला वळून बघायचं नव्हतं, म्हणून तो जास्त जोरात वाजवत होता.

कोंडवाडेवाला एका पायानं लंगडा होता आणि गावातलं प्रत्येक जनावर त्याला मागून ओळखता यायचं. त्यानं फाटक उघडलं.

"कुणाच्या?"

"बेवारस."

त्यानं डब्याकडं पाहिलं, मग वळणावर थांबलेल्या बाबांकडं. "बरं. चांगल्या वळणाच्या बेवारस आहेत."

आता कोंडवाड्यात कोंडलेल्या जनावराला दोन वेळा पाणी आणि पेंढीभर चारा द्यायचा असा नियम होता. चांगल्या काळात तो कुणी पाळला नव्हता. पण हौदाचा टँकर रोज जाताना इथंही थांबायचा, आणि कोंडवाडेवाला नियमाचा पक्का नसला तरी गाईंचा होता. गाई प्याल्या. गळ्यातून एकेक घोट चेंडूसारखा खाली उतरताना दिसत होता. कोंडवाड्याच्या भिंतीचा एक दगड निखळला होता. त्या भोकाला बाहेरून डोळा लावून बाबा उभे होते, आणि आतून धाकट्याला तो डोळा दिसत होता.

संध्याकाळी आईनं रिकामा गोठा पाहिला.

"गाई?"

"सुखात आहेत," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"कोंडवाड्यात."

धाकट्यानं झालेलं सांगितलं. आपण काय बोललो तेही सांगितलं, कारण नाहीतर मेंढरवाल्यानं सांगितलं असतं.

"अहो, म्हणजे आपल्या गाईंना आता रोज पाणी मिळणार?" बायको म्हणाली. तिच्या भुवया नव्हत्या, त्यामुळे ती खरंच आनंदली की काय ते कळलं नाही.

"आपल्या नाहीत त्या," धाकटा म्हणाला.

"मग इतकी वर्षं मी कुणाचं शेण काढत होते?" आईनं विचारलं. मग ती उठली आणि रिकामा गोठा झाडायला लागली.

बाबांनी ताट पुढं सरकवलं. "राखणदार, जेवून घ्या."

आयुष्यात बाबांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धाकट्यानं ताट ओढून घेतलं आणि जेवला, कारण नाही जेवला असता तर ते ऐकल्यासारखं झालं असतं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात गावात कुणाचंच जनावर उरलं नाही. माणसं आपल्याच बैलाला वाटेवर सोडायची आणि 'कुणाचा बैल आहे हा, धरा रे' म्हणून ओरडायची. मेंढरवाला सगळा कळप घेऊन फाटकाशी आला.

"ही माझ्या मागं मागं येतायत. कुणाची आहेत कोण जाणे."

"नावानं हाक मारून बघ," कोंडवाडेवाला म्हणाला.

"मारली असती. पण माझी नसून आली तर उगीच लाज."

एका सकाळी भिंतीवरून उडी मारून एक हरिणही आत आलं आणि गाईंच्या ओळीत प्यायला लागलं. ते बेवारस धरायचं की खात्याचं, हा प्रश्न वर पाठवण्यात आला. उत्तर आलं ते वेगळंच. कोंडवाडा तुंबला आहे. धनी पुढं आले नाहीत तर जनावरांचा लिलाव होईल.

लिलावाला एक व्यापारी ट्रक घेऊन आला. ट्रकला फळ्या लावलेल्या आणि आत आधीच्या गावाची चार हाडकुळी जनावरं, एकमेकांवर टेकलेली. ती कुठं चाललीत हे कुणी विचारलं नाही. ट्रक पाहिल्यावर गावाची स्मरणशक्ती परत आली. "हा बैल माझ्या बैलासारखाच दिसतोय," एकजण म्हणाला आणि पुढं झाला. मेंढरवाल्यानं शिट्टी मारली आणि मान खाली घालून कळपामागं उभा राहिला. काळीचा धनी आला, ढवळीचा आला. दंड एवढाच की ज्यानं त्यानं आपलं जनावर नेण्याआधी कोंडवाड्यातलं शेण उचलायचं. मोठे साहेब खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना मजा येत असावी, पण ते पदर नसल्यामुळे तोंडाला रुमाल लावून होते.

राहिल्या त्या डब्याच्या गाई.

दावं धरून उभा होता धाकटा, कारण राखणदार म्हणून त्याचीच नेमणूक झाली होती. बाबा गर्दीच्या कडेला होते, हात पाठीमागं बांधलेले. ते पुढं आले असते तर मुलगा साहेबांपुढं खोटं बोलला हे उघड होत होतं. म्हणून ते आपल्या गाईंकडं न बघता ट्रकच्या चाकाकडं बघत होते, चाक विकत घ्यायचं असल्यासारखं.

"या कुणाच्या?" साहेबांनी विचारलं. "शेवटचं विचारतोय."

व्यापाऱ्यानं तांबडीचं पोट दाबून पाहिलं. "ही गाभण आहे. वजन बरं भरेल," तो म्हणाला आणि तिची शेपटी धरली. तांबडीनं मान वळवून धाकट्याच्या शर्टाचं टोक तोंडात घेतलं.

"माझ्या आहेत," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की व्यापाऱ्यानं "काय?" विचारलं, आणि त्याला तेच पुन्हा म्हणावं लागलं. खरं बोलायला एकदाचं बळ आणलं होतं. दुसऱ्यांदाचं आणलं नव्हतं.

"त्या दिवशी?" मोठे साहेब म्हणाले.

"त्या दिवशीही माझ्याच होत्या."

साहेबांनी गर्दीच्या कडेला बोट दाखवलं. "आणि ते? पाय मोकळे करणारे?"

"तेही माझेच."

साहेब रागावले नाहीत. हसले. धाकट्यानं बोलणी खाण्याची तयारी केली होती, हसण्याची केली नव्हती. "शर्ट ठेव आणि ने," ते म्हणाले. धाकट्यानं तिथंच शर्ट काढला. आतल्या बनियनला भोकं होती, आणि गावातली सगळी माणसं भोकं मोजत असल्यासारखी गप्प उभी होती. टोक तांबडीच्या तोंडात होतं ते ओढून काढावं लागलं. खात्याचा शर्ट ओला परत गेला.

बाप-लेकांनी दुपारभर शेण उचललं. बाबा फावड्यानं भरत होते, धाकटा पाटी वाहत होता. दोघांत बोलणं झालं ते एवढंच.

"पाटी भरली."

"हं."

गाई घरी आल्या. आईनं त्यांच्या अंगावरून हात फिरवला आणि त्यांच्यापुढं भांड्याचं पाणी ठेवलं. गाईंनी वास घेतला, मान वर केली आणि थांबल्या. हे सुरुवातीचं असेल, खरं मागून येईल, अशा थांबल्या. नोकरी गेली, पगार गेला, शर्टही गेला. पिळायला काही राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तांबडी बसली ती उठेना. चौघांनी मिळून तिच्या पोटाखालून वासा घातला, दोन टोकांना दोघं दोघं, आणि उचललं. तिच्या पोटात वासरू हललं ते वाशातून धाकट्याच्या खांद्याला कळलं. तांबडी उभी राहिली, थरथरली आणि बायकोच्या पायावर पातळ हगली. बायकोनं पाय काढला नाही, कारण वासा सोडता येत नव्हता.

"उगीच आणल्या घरी," आई म्हणाली. "तिथं पाणी तरी होतं."

धाकटा जन्मात एकदा खरं बोलला होता, आणि त्याचीच आता लाज वाटायला लागली होती.

सकाळी बाबांनी गाई सोडल्या. कुणाला काही सांगितलं नाही. तांबडी पडलीच तर आधार द्यायला दुसऱ्या बाजूला माणूस पाहिजे, म्हणून धाकटा गेला. गाईंना वाट माहीत होती. धाकटा एका बाजूनं, बाबा दुसऱ्या बाजूनं, मधे तांबडी, दोघांचे खांदे तिच्या बरगड्यांना लावलेले. फाटकाशी कोंडवाडेवाला टँकरची नळी ओढत होता. त्यानं आधी गाईंकडं पाहिलं, मग दोघांकडं.

"कुणाच्या?"

धाकट्यानं तोंड उघडलं. बाबांनी तांबडीच्या पाठीवरून हात लांब करून त्याच्या दंडाला धरलं. घट्ट धरलं, सोडलं नाही.

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "वाटेत भेटल्या."

"पुढच्या लिलावाला मी काही करू शकणार नाही."

"तोवर पाऊस येईल."

"नाही आला तर?"

बाबांनी आभाळाकडं पाहिलं नाही. कोंडवाडेवाल्यानं नळी खाली टाकली आणि फाटक उघडलं. गाई आत गेल्या, म्हातारी पुढं. शेवटी तांबडी. फाटकाचा अडसर पडला तरी बाबा हलेनात. धाकटा त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळून त्यांच्या चपलांकडं बघत होता.

"अहो," बाबांनी आत हाक मारली. "त्या तांबडीला जरा सावलीत बांधा. गाभण आहे."

कोंडवाडेवाला वळून बघायला लागला.

"म्हणजे, असं ऐकलंय," बाबा म्हणाले.